पोटरीत टोचलेल्या पेशी

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे, जुना मधुमेह. पायाच्या रक्तवाहिन्या बंद आहेत, बायपासला जागाच नाही म्हणतात. रात्री ठणका लागला की पाय पलंगाखाली लोंबता सोडून बसतात. स्वतःच्याच बोन मॅरोतल्या पेशी टोचून नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, हे खरं का?

उत्तर: पाय खाली सोडला की गुरुत्वाकर्षणाने थोडं रक्त उतरतं, म्हणून त्यांना बरं वाटतं. माझे कितीतरी रुग्ण असेच बसून रात्र काढतात, त्यामुळे तुमची घालमेल मला कळते.

कल्पना खोटी नाही. २००२ साली जपानी डॉक्टरांनी कमरेच्या हाडातून सुमारे ५०० मिली मज्जा, म्हणजे बोन मॅरो, काढली, त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि पोटरीत ४० ठिकाणी टोचल्या. दुखणं कमी झालं, चालणं वाढलं. या पेशी स्वतः नळी बनतात असं नव्हे; त्या जी द्रव्यं सोडतात त्यांनी जवळच्या बारीक वाहिन्यांना फुटवे येतात, असं आज बहुतेकांचं मत आहे.

पण २०१५ साली नेदरलँड्समध्ये १६० रुग्णांवर चाचणी झाली. पेशी धमनीतून दिल्या, निम्म्यांना नुसतंच बनावट द्रावण. सहा महिन्यांनी पाय कापावे लागण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणून कोणी खात्री देऊन पैसे मागत असेल तर कृपा करून थांबा. नोंदणीकृत चाचणी असेल तर जरूर विचारा. त्याआधी मात्र रक्तवाहिन्यांच्या दुसऱ्या सर्जनला अँजिओग्राफी दाखवा. घोट्याखालच्या धमनीपर्यंतही कधीकधी बायपास जोडता येतो. आणि बोट काळं पडू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.