सव्वातीन लाखांचं पेन आणि वीस लाखांचा विमा

प्रश्न : वय ४४, चाकणला खासगी नोकरी, महिन्याला हातात १ लाख ३५ हजार. पत्नी गृहिणी, मुलगी सहावीत. घराचं ३८ लाखांचं कर्ज बाकी. कामानिमित्त टोकियोला गेलो होतो, तिथे गिन्झात माकी-ए (लाखेवर सोन्याच्या पुडीची जपानी नक्षी) केलेली शाईची पेनं पाहिली आणि वेडच लागलं. आता एका विक्रेत्याकडे कारागिराची सही असलेलं, क्रमांक घातलेलं नामिकी या जपानी कंपनीचं पेन ड्यूटीसकट सव्वातीन लाखांत मिळतंय. दहा वर्षांत दुप्पट होईल असं तो म्हणतो. साडूंकडून सात वर्षांपूर्वी घेतलेली पॉलिसी आहे : वर्षाला १ लाख २० हजार हप्ता, मुदत २० वर्षं, विमा २० लाख, शेवटी साधारण ४१ लाख. तिच्यावर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढून पेन घ्यावं का? वेगळा विमा काढलेला नाही, पॉलिसीत आहेच. बँकेत ९० हजार आहेत. बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत उत्तम.

उत्तर : आधी पेनाचं उरकून घेऊ. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सव्वासात टक्केसुद्धा नाही. कर्ज साडेनऊचं. व्याज साचू दिलंत तर दहा वर्षांनी सव्वातीनाचे आठ लाख देणं होईल, आणि विक्रेत्याचा शब्द तंतोतंत खरा ठरला तरी पेनाचे येतील साडेसहा. तेही पूर्ण नाहीत. तुम्ही किरकोळ किंमत अधिक ड्यूटी देऊन घेणार आणि विकताना दलाल किंवा लिलाववाला आपला वाटा कापणार. म्हणजे पेन घरात येतं त्याच दिवशी ते तोट्यात आहे.

‘जुनी पेनं लाखांनी विकली जातात’ हा दाखला असे विक्रेते हमखास देतात. खरा आहे, पण कुठल्या पेनांचा? नामिकीने इबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेनांवर उरुशी, म्हणजे जपानी लाख, चढवायला सुरुवात केली ती १९२० च्या दशकात, कारण नुसतं इबोनाइट वापराने आणि उजेडाने विटायचं. पुढे गोनरोकु मात्सुदांसारखे कलावंत तिथे आले, १९३० च्या सुमारास लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला आणि ती पेनं युरोपात गेली. मात्सुदांना १९५५ मध्ये जपानने जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. लिलावात गाजतात ती ही युद्धापूर्वीची, सहीची, जपून राहिलेली पेनं. विकत घेणाऱ्याने ती गुंतवणूक म्हणून घेतली नव्हती; लिहायला घेतली होती. आज कारखाना दर वर्षी नवी ‘मर्यादित’ आवृत्ती काढतो, तिला तोच भाव लावणं म्हणजे निव्वळ आशा.

वस्तू सुंदर आहे, यात वाद नाही. उरुशी हवेत सुकत नाही, दमट कपाटात ठेवून ती कडक होऊ द्यावी लागते. एकेक थर असा बसवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. ओल्या उरुशीवर सोन्याची पूड शिंपडतात, उठावाचं काम असेल तर आधी खाली उंचवटा उभा करतात. याला महिने लागतात आणि पैसे त्या महिन्यांचे आहेत. (छापील नक्षीची स्वस्त पेनंही माकी-ए म्हणून विकली जातात. भिंग लावा, छपाईचे ठिपके एकसारखे रांगेत दिसतात.) आणि हो, लख्ख उन्हात उरुशीची चमक जाते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत त्याकडे येतो. ‘पॉलिसीत विमा आहेच’ हे वाक्य वाचून मी पेन बाजूला ठेवलं.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरी २० लाख आणि थोडा बोनस येईल. घराचं कर्जच ३८ लाख आहे. म्हणजे विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही निम्म्याच्या आसपास कर्ज उरेल, आणि पत्नी व मुलीच्या हातात शून्य. महिना ४० हजारांचा घरखर्च बारा-पंधरा वर्षं चालवायचा तर ६०-७० लाख लागतात, शिवाय मुलीचं शिक्षण. दीड कोटीच्या खाली विचारच करू नका. त्यात पॉलिसीवर कर्ज काढलंत तर ते व्याजासकट दाव्यातून वजा होतं. पाच वर्षं न फेडलेले सव्वातीन लाख पाच लाखांवर जातात. म्हणजे पेनासाठी तुम्ही आधीच तोकडा असलेला विमा अजून कापणार होतात.

४१ लाखांचं कौतुकही आवरा. चोवीस भरून एक्केचाळीस मिळतात, पण वीस वर्षांनी. हिशेब केला तर परतावा पाच टक्क्यांच्या आसपास पडतो, तुमच्या गृहकर्जाच्या व्याजापेक्षा कमी. साडूंना कमिशन मिळालं, तुम्हाला धड विमा मिळाला नाही आणि धड बचतही नाही. नात्यातल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मला रोज ऐकायला मिळतं. त्याची किंमत वर्षाला सव्वा लाख असू नये.

टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) ऑनलाइन घ्या, साठ वर्षांपर्यंतचा, दीड कोटीचा. हप्ता तीस-पस्तीस हजारांच्या घरात येईल, कंपनीनुसार आणि बीपीमुळे कमी-जास्त. वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेवढाच दिलासा. अर्जात बीपीची गोळी नोंदवा. ती लपवलीत तर नेमक्या वेळी दावा अडकतो. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावायचा नाही. मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली, म्हणजे मधेच मोडली, तर काय मिळतं, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअखेर काय मिळतं. दोन्ही माझ्याकडे पाठवा. वाचणाऱ्या ८५-९० हजारांतून पहिल्या वर्षी बँकेतले ९० हजार दुप्पट करा. दरमहा कर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून किती जातात ते बघून पुढे सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत तेच चालू ठेवा.

त्यानंतर नोकरीतला बोनस आला की पेन घ्या, हौस म्हणून, कर्ज न काढता. सव्वातीन लाखांचंच हवं असं नाही. नक्षीविना नुसत्या उरुशीची जपानी पेनं त्या मानाने बऱ्याच कमी पैशांत मिळतात, आणि ती रोज खिशात लावून कामावर नेता येतात.