आजोबांची १९८४ ची येझदी रोडकिंग कॅफे रेसर करून शोला न्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी बारा वर्षं गोठ्यात उभी आहे, किक फिरते पण इंजिन धरत नाही. तिची कॅफे रेसर (बुटकं हँडल, एकट्याची सीट, रेसच्या गाडीसारखं रूप) करायची, रोज ऑफिसला न्यायची आणि डिसेंबरात गोव्याच्या बाइक वीकला 'विंटेज' म्हणून उभी करायची. आधीच सांगून टाकतो, हे सगळं एका गाडीत बसत नाही. यातलं काय सोडायचं ते ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी ठरवा.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात मामांचं लेथचं दुकान, त्यामुळे शाळेत असल्यापासून हातात कानस आणि नखांत काळं. आजवर तीन जावा (येझदीच्याच घराण्यातली जुनी गाडी) आणि दोन येझदी उभ्या केल्या. पहिली जावा मात्र हातानं वाटोळं करून ठेवली. तिचंच आधी सांगतो, कारण तुम्हीही त्याच वाटेनं निघालाय.

२०१० ची गोष्ट. फोटो बघून डोक्यात खूळ शिरलेलं: खाली पडलेलं हँडल, पाटीसारखी सीट, मागचं मडगार्ड गायब. चेसिसची मागची नळी मी शॉकअपच्या बोल्टामागून कापली आणि तिथे वाकवलेला पाइप वेल्ड केला. दिसायला झकास झाली. पोरं फोटो काढायची. वर्षभरात वेल्डशेजारी केसाएवढी चीर दिसली, आणि पाठोपाठ आरसीच्या नूतनीकरणाची तारीख आली. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, कापलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आधी होती तशी करून आणा." त्यांचं चुकलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. रंग बदललात तर तोही आरसीत नोंदवून घ्या.

आता 'विंटेज'चं. २०२१ साली केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तरच त्यात बसते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. तुमची गाडी १९८४ ची, म्हणजे वयातच बसत नाही, आणि कॅफे रेसर केल्यावर मूळ रूपही उरणार नाही. तेव्हा विंटेज हा शब्द सध्या बाजूला ठेवा आणि नेहमीची नोंदणी जपा. पहिलं काम तेच: चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, आलेला ठसा आरसी बुकाशी जुळवून बघा, आणि गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसाचं नाव लावून घ्या. कागद नसलेल्या गाडीवर पैसा घालू नका, कितीही जीव असला तरी.

कस्टम करूच नका असं मी म्हणत नाही. पान्यानं निघतं ते बदला, ग्राइंडरनं निघतं त्याला हात लावू नका, एवढंच. माझ्या आताच्या रोडकिंगला एकच माणूस बसेल अशी सीट आहे, पण ती मूळच्याच बोल्टांवर बसते. हँडल बुटकं आहे, जुनं माळ्यावर आहे. मडगार्डं पोत्यात गुंडाळून ठेवलीत. एका दुपारी गाडी परत १९८० च्या दशकात जाते.

कॅफे रेसरच्या नादात लोक फूटरेस्ट मागे नेतात. येझदीत ते करू नका, आणि याचं कारण इंटरनेटवरच्या फोटोत दिसत नाही. या गाडीला किक आणि गिअर एकाच दांड्यात आहेत, डावीकडे. दांडा इंजिनाकडे दाबून वर फिरवला की किक, परत आपल्या जागी आला की गिअर. फूटरेस्ट वीतभर मागे गेला की पाय दांड्यापर्यंत पोचत नाही. मग जोडसळई लावावी लागते, आणि सळई लावली की दांडा मोकळा फिरत नाही, म्हणजे किक गेली. सांगलीत मी अशी एक देखणी गाडी पाहिलीय, मालक कायम उताराशेजारी पार्किंग शोधत फिरतो.

दुसरी हौस म्हणजे सायलेन्सर तोडणं. बुलेटवाल्यांचं बघून हे येतं. पण येझदी टू-स्ट्रोक आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग समजा. सिलिंडरमधून सुटलेल्या धुराची लाट सायलेन्सरच्या शेवटाकडून परत फिरते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत रेटते. लांबी आणि आतली बॅफल (धूर अडवणारी नळी) त्या हिशेबानं ठरलेली असते. नळी तोडलीत की आवाज वाढतो आणि पिकअप जातो. वर पोलिसांची पावती. तुमच्या गाडीचे दोन्ही सायलेन्सर काढून आतला कार्बन साफ करा. गोठ्यातली गाडी आहे, उंदरांनी घर केलेलं असणार. माझ्या एकात भाताचं तूस निघालं होतं.

आता इंजिन. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बारा वर्षं उभ्या गाडीचा खरा शत्रू म्हणजे वाळून कडक झालेली रबरी सीलं. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक ऑइल सील असतं. डावीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढायला लागतं आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट. हे दिसतं तरी. उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत येते. हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं, आणि पेट्रोलातूनच ऑइल जात असल्यामुळे तेही कमी पडतं. गंमत अशी की गाडी त्या वेळी उलट मस्त पळते.

मला हे आंबोलीनं शिकवलं. गोव्याहून परत येत होतो, दाणोली सोडून चढ लागलेला. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नव्हतं, आणि मी मूर्ख, खूश होतो की आज गाडी रंगात आहे. तिसऱ्या-चौथ्या वळणाला आवाजात एक कोरडी किणकिण आली, मग भांड्यावर नख ओढावं तसं काहीतरी, आणि मागचं चाक जागेवर थांबलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. रस्त्याकडेला बसून फिन्सवर (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांवर) पाणी ओतायचा मोह आवरला, अर्धा तास गार होऊ दिली. किक फिरली, पण घरी येऊन हेड उघडलं तर पिस्टनच्या अंगावर, धुराड्याच्या बाजूला, उभे ओरखडे आणि एक रिंग चिकटलेली. बोअर (सिलिंडरचं भोक) वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागला. सील बदललं असतं तर तो सगळा खर्च वाचला असता. आता मी दर लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल घालतो आणि रेस सोडल्यावर इंजिन रेंगाळलं की तिथेच थांबतो.

पेट्रोलच्या टाकीत गंज असेलच. किराण्यातलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी भरा, रात्रभर ठेवा, ओता, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवून आतून ऑइल फिरवा. वाळवायला उशीर केलात तर दुपारपर्यंत परत तांबूस होते. टाकीवरचं क्रोम चांगलं असेल तर पॉलिशवर भागवा, नव्यानं मढवणं महाग पडतं.

सुट्या भागांबद्दल फार नाही सांगत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, सापडतं. २०१८ नंतर आलेल्या नव्या जावाचे भाग विचारत फिरू नका, ती फोर-स्ट्रोक आहे, नाव सोडून काही जुळत नाही. जावा-येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ लाच बंद झाला, त्यामुळे 'ओरिजिनल माल' म्हणून कोणी नवाकोरा डबा पुढे केला तर दोनदा बघा. माझ्या वहीत २०२१ च्या रोडकिंगचा खर्च ६८ हजार आहे, तोही मामांकडे मजुरी द्यावी लागली नाही म्हणून. त्यातला जवळपास निम्मा इंजिनात गेला, आणि तो फोटोत कुठेच दिसत नाही.

शोचं म्हणाल तर आधी कुठल्या रांगेत उभं राहायचं ते ठरवा. मूळपणाच्या रांगेत परीक्षक गुडघ्यावर बसतात. एका छोट्या मेळ्यात सत्तरीचे एक गृहस्थ माझ्या जावाशी पाच मिनिटं काही न बोलता उकिडवे बसले, मग डायनॅमोच्या झाकणाला नख लावून म्हणाले, "हे ॲलन स्क्रू कशाला रे बाळा? चपट्या खाचेचे होते." रंग, क्रोम, सीट, सगळं सोडून चार स्क्रू दिसले त्यांना! मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी बदलले. कस्टमच्या रांगेत असं होत नाही. तिथे वेल्डची सफाई, लपवलेली वायरिंग आणि कल्पना बघतात. पण पेट्रोल ठिबकत असेल किंवा तिसऱ्या किकेला गाडी सुरू होत नसेल तर दोन्हीकडे हसं होतं.

डिसेंबर विसरा. क्रोमवाला आणि पेंटर दोघंही तारीख पाळत नाहीत, आणि नवं पिस्टन बसवलेली गाडी थेट गोव्याला न्यायची नसते, आधी सातआठशे किलोमीटर हळू चालवायची असते. जुलैचा दुसरा रविवार हा जावा डे असतो. पुण्या-मुंबईसकट बऱ्याच शहरांत येझदीवाले जमतात, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत आणि चुका फुकटात सांगतात. तिथे आणा आधी. तोवर प्लग काढून भोकातून दोन चमचे टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडा, आणि येता-जाता किक मारत बसू नका.