मणक्याच्या शस्त्रक्रियेत वेदनेसाठी ‘थोडे केटामाईन’ देणे कितपत योग्य?

तुमच्या 64 वर्षांच्या वडिलांची धुळ्यात मणक्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, कंबरदुखीसाठी गेले सात-आठ महिने ते ट्रमाडॉल हे अफूवर्गातले वेदनाशामक घेत आहेत, आणि भूलतज्ज्ञांनी ‘थोडे केटामाईनही देऊ’ म्हटल्यापासून ‘हे तर नशेचे औषध ना?’ या विचाराने तुमची झोप उडाली आहे. मी खानदेशातच बरीच वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो.

तुमची शंका अगदीच निराधार नाही. दुरुपयोग होतो म्हणूनच 2013 च्या अखेरीस आपल्याकडे हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये टाकले गेले; ते कुलपात असते आणि प्रत्येक बाटलीचा हिशेब वहीत लिहावा लागतो. मात्र अमेरिकेत 1970 साली मान्यता मिळाल्यापासून ते भुलीसाठी जगभर वापरले जाते, आणि श्वास सहसा चालू ठेवत असल्यामुळे, साधने तुटपुंजी असलेल्या तालुक्याच्या दवाखान्यांत त्याने आम्हाला कितीदा तरी तारले आहे.

खरा प्रश्न मात्रेचा आहे. पूर्ण भुलीसाठी शिरेतून दर किलो वजनामागे 1 ते 2 मिलिग्रॅम लागते. वेदनेसाठी किलोमागे सुरुवातीला 0.3 मिलिग्रॅमच्या आसपास आणि पुढे सिरिंज पंपाने ताशी 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला जेमतेम 6 ते 12 मिलिग्रॅम. एवढ्याने माणूस बेशुद्ध होत नाही. वेदनेचे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात आणि पुढे साध्या धक्क्यालाही जोराने बोंब मारतात. पेशींवरच्या ज्या एनएमडीए ग्राहींमुळे (संदेश टिपणाऱ्या जागांमुळे) हा हळवेपणा वाढतो, त्यांनाच केटामाईन अडवते. महिनोन्‌महिने ट्रमाडॉलसारखी औषधे घेणाऱ्यांत हा हळवेपणा आधीच वाढलेला असू शकतो, शिवाय शरीर त्या औषधांना सरावलेले असते, त्यामुळे मॉर्फिन किंवा फेंटानिल ही त्याच वर्गातली जोरदार वेदनाशामके नेहमीच्या मात्रेत त्यांना पुरत नाहीत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत भूलतज्ज्ञांनी हाच विचार केला असावा.

सरसकट सगळ्यांना मोठा फायदा होतो, असे मात्र मी म्हणणार नाही. 2018 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात) 130 अभ्यास एकत्र केले, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत सरासरी 8 मिलिग्रॅम मॉर्फिन वाचले आणि स्वस्थ पडून असतानाची वेदना शंभरच्या मापावर सुमारे पाचने उतरली. हुरळून जावे असे त्यात काही नाही. याउलट, दीर्घकाळ अशी औषधे घेणाऱ्या 102 रुग्णांच्या पाठीच्या शस्त्रक्रियांवर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठ्ठेचाळीस तासांतला मॉर्फिनचा वापर एक तृतीयांशाहून अधिक घटला. साठीपुढच्या 672 रुग्णांवरील 2017 च्या अभ्यासात तर किलोमागे 0.5 किंवा 1 मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन वेदनाही कमी झाली नाही आणि नंतरचा भ्रमही टळला नाही, उलट भास व वाईट स्वप्ने वाढली. म्हणून वयस्कांना एकदम मोठा डोस देण्यापेक्षा मी पंपाने सावकाश देणे पसंत करतो.

शिंदखेड्याकडच्या एका आजीबाई रिकव्हरीत छताकडे बघत मला म्हणाल्या होत्या, “डाक्टर, पलंग हालस का हो?” वेदना नव्हती, पण डोळे किंचित थरथरत होते. पंपाचा वेग निम्म्यावर आणला, सुनेला उशाशी बसवले, आणि थोड्या वेळाने त्यांनी चहा मागितला. घरच्यांनी हे आधी ऐकलेले असले की घाबरगुंडी उडत नाही.

वडिलांचा रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल किंवा कधी मानसिक आजार झाला असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. अशा वेळी केटामाईन टाळावे लागू शकते. पंप किती तास चालणार आणि रात्री लक्ष कोण ठेवणार, हेही विचारा. ट्रमाडॉल आपल्या मनाने बंद करू नका, आणि ‘पिवळी गोळी सकाळ-संध्याकाळ’ असे तोंडी सांगण्याऐवजी गोळ्यांची पाकिटेच सोबत न्या, रिकामी असली तरी चालतील.