टाचेच्या जखमेवर फ्लॅप करण्याआधी जुने कागद दाखवा

ताई, तुमच्या भावाबद्दलची पोस्ट वाचली आणि आमचा दादाच डोळ्यापुढे आला. तुमच्या भावाचे विशीत केस पांढरे, तिशीत दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू, मग शुगर आणि आता टाचेच्या वर दीड वर्ष न भरणारी जखम, डॉक्टर फ्लॅप करू म्हणतायत, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट कातडी फिरवून जखमेवर लावायची. दादाचं शेवटी वर्नर सिंड्रोम निघालं, म्हणजे अकाली म्हातारपण आणणारा आनुवंशिक आजार. तुमच्याकडे तेच असेल असं नाही, मी डॉक्टर नाही, घरात भोगलं तेवढंच सांगते.

ड्रेसिंग, शुगर वगैरे तुम्ही बघतच असाल. आमची चूक झाली ती फाइलची. पायाच्या ऑपरेशनला डोळ्यांचे कागद कशाला म्हणून ते कपाटातच राहिले, प्लास्टिक सर्जनना दाखवले फक्त शुगरचे रिपोर्ट. त्यांनी नेहमीची डायबेटिसची जखम समजून मांडीची कातडी काढून लावली. आठव्या दिवशी पट्टी सोडली तर ती काळी पडलेली. त्याहून वाईट म्हणजे मांडीवरची जागा, दोन-तीन आठवड्यांत सुकेल म्हणाले होते, ती सात महिने ओली राहिली. एका जखमेच्या दोन झाल्या हो! या आजारात हातापायांची कातडी पातळ, खालची चरबी गेलेली, मग मांडीची घेतली तरी ती त्याच आजाराची कातडी. आधी कळलं असतं तर मांडीला हात लावू दिला नसता, अजून जीव जळतो.

म्हणून आधी एक्स-रे मागा. दादाच्या टाचेच्या मागच्या जाड दोरीसारख्या टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) कॅल्शियम साठलं होतं, ड्रेसिंग करताना तांदळाच्या कणीसारखे पांढरे खडे गॉजवर यायचे आणि आम्ही ते पुसून टाकायचो. पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. जखमेच्या कडेची बायोप्सी सुद्धा, कारण वर्नरमध्ये मेलॅनोमा, सार्कोमा अशा कॅन्सरचा धोका जास्त. दुसऱ्या वेळी कॅल्शियम काढून शेजारचीच कातडी फिरवून लावली, एक कोपरा सोडला तर टिकली.

हा आजार ज्या जीनमधल्या बिघाडाने होतो त्या डब्ल्यूआरएन जीनची रक्ततपासणी होते. बिघाड आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आमचे आईबाबा मामे-आते भावंडं, त्यामुळे मी पण करून घेतली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं सेंटर आहे, तिथे विचारा.

इन्शुरन्सवाल्यांनी 'प्लास्टिक' शब्द बघून कॉस्मेटिक म्हणून क्लेम नाकारला होता, तेव्हा सर्जनकडून पाय वाचवायला ऑपरेशन गरजेचं आहे असं आधीच लिहून घ्या. आणि मागे पट्टा असलेली चप्पल आजच बंद करा, तो पट्टा बरोब्बर तिथेच घासतो. एक्स-रेत काय निघालं ते नक्की लिहा, मी वाट बघते.