शिलाई मशीन कापडाखाली दोऱ्याचा गुंता करतंय, दुरुस्तीला द्यावं का?

लगेच नको. गुंता खाली दिसला तरी दोष बहुतेकदा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला, तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसतच नाही. फूट वर उचला, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. टेन्शनचा स्क्रू उगाच पिळत बसू नका. माझी निम्मी डोकेदुखी त्यातूनच आली होती.

शिवताना मधले टाके पडतच नसतील तर सुई बदला. साधारण ८ तास शिवलं की ती बोथट होते, डोळ्यांना दिसत नसलं तरी. मशीन जड चालतंय? प्लग काढून बॉबिनखालचा (खालच्या दोऱ्याच्या रिळाखालचा) धागे-कचरा ब्रशने काढा.

मोटर फिरतेय पण सुई हलत नाही? बॉबिन भरायची खिट्टी मागे घ्यायची राहिली असेल. जळका वास आला तर मात्र थेट कारागीर.