मेट्रोतून उतरलं की बस गेलेली असते

प्रश्न : दादा, मी नागपुरात मानेवाड्याला राहते, नोकरी हिंगणा रोडवर. सकाळी बसनं सीताबर्डी अन् तिथून मेट्रोची ॲक्वा लाइन. जाताना ठीक, पण संध्याकाळी मेट्रोतून उतरून जिना संपेपर्यंत बस निघून गेलेली, पुढची कधी ते कोणालाच माहीत नाही, मग सीटचा ऑटो पकडा. बसेस वाढवल्या तर सुटेल का हे?

उत्तर : ताई, नुसत्या बसेस वाढवून नाही सुटायचं. बसवाल्याला पैसे कशाचे मिळतात ते आधी बघा. बऱ्याच शहरांत ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात, तिकिटाचा गल्ला पालिकेकडे. म्हणजे गाडी फिरली की बिल निघतं, तुम्ही आत बसल्या काय अन् थांब्यावर राहिल्या काय, त्याचं काही जात नाही. बरं, गल्ला त्यालाच दिला तर? कोलंबियातल्या बोगोटा शहरात 2000 साली ट्रान्समिलेनिओ ही नवी बससेवा येण्याआधी तसंच होतं, बसवाले एकेका प्रवाशासाठी भर रस्त्यात शर्यत लावायचे.

लंडननं 2001 पासून ठेक्यातच वेगळी गोष्ट घातली. ज्या रूटवर पाठोपाठ बस आहेत तिथं प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त ताटकळावं लागलं ते मोजतात, कमी असेल तर बोनस, जास्त असेल तर पैसे कापतात. मला हे फार पटतं, कारण तुमची थांब्यावरची पंधरा मिनिटं तिथं हिशेबात येतात.

दुसरं म्हणजे मेट्रो एकाची, बस दुसऱ्याची, ऑटोचं परमिट आरटीओकडे, चौकातला सिग्नल पोलिसांकडे, अन् जिन्यापासून थांब्यापर्यंतची तुमची शंभर पावलं कोणाचीच नाहीत! मोठ्या शहरांत या सगळ्यांवर एकच प्राधिकरण हवं असं 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात आहे, 2017 च्या मेट्रो धोरणात तर राज्यांनी ते नेमायची हमीच द्यावी असं म्हटलंय. आपली मेट्रो 2019 च्या मार्चमध्ये धावायला लागली, म्हणजे दोन्ही कागद तेव्हा तयार होते.

तुम्ही एक करा, आठ दिवस वहीत लिहा, मेट्रोतून किती वाजता उतरल्या अन् बस किती वाजता मिळाली. शेजारच्या दोघीतिघींनाही लिहायला सांगा. ते पान जोडून पालिकेच्या परिवहन विभागाला अर्ज द्या अन् एवढंच विचारा, ही बस चुकली तर ठेक्यात कोणाचे पैसे कापले जातात?