त्याला बायको हवीय की लेकीला आई?

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी विचारतात, तिशी उलटलेल्या, स्वतः कमावणाऱ्या आणि जीव गुंतलाय तो नेमका पोरंबाळं असलेल्या विधुर नाहीतर घटस्फोटित माणसात. त्यातली वाईची एक केस सांगते, परवानगी घेतलीय आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

ही छत्तीस वर्षांची, बाजारपेठेतल्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते, छोटं ऑफिस आणि स्वतःच्या नावावर लोन काढून घेतलेला फ्लॅट. तो तिचाच क्लायंट, हार्डवेअरचं दुकान, बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी चौथीत. रिटर्नची वीस तारीख जवळ आली की हा बिलांची पिशवी घेऊन यायचा, मग बिलं संपली तरी बसायला लागला 😄 एकदा गणपती घाटावर दोघं भेळ खाताना दिसले तर ती घरी पोचायच्या आत तिच्या आईला फोन!

गाव काय बोलतं याचं तिला फार नव्हतं. तिला टोचलं ते त्याच्या आईचं पहिल्याच भेटीतलं वाक्य, "बरं झालं बाई, पोरीला आई मिळाली." तू काय करतेस, कुठे असतेस, काही विचारलं नाही.

मी तिला एवढंच विचारलं की आत्ता त्याच्या घरी सकाळचा डबा कोण करतं? म्हणाली तोच करतो, पोळ्या लावल्यात पण भाजी त्याची, वेणीपण तोच घालतो, वाकडी. मला निम्मं उत्तर तिथेच मिळालं. जो माणूस "आई थकलीय आता" म्हणत घाईने लग्नाला उभा राहतो त्याच्याबाबतीत मी सरळ थांबा म्हणते, कारण त्याला घर चालवणारं माणूस हवं असतं आणि ते कोणीही चालतं. ज्याचं घर आधीच चाललंय तो तुमच्याकडे येतो तो तुमच्यासाठी, असं माझं मत, अपवाद असतील. नंतर त्याला बोलावून विचारलं, लग्नानंतर डबा कोण करणार? "मीच की, हिचं ऑफिस साडेनऊला उघडतं," म्हणाला, आणि प्रश्न का विचारला हेच त्याला कळलं नाही.

खरी गाठ मुलीची होती. तोवर "ताई, ताई" करत गणितं विचारायला यायची, लग्नाचं कळल्यावर एकदम बंद. आजी रोज "आई म्हण" म्हणून मागे लागलेल्या, ते आधी थांबवायला सांगितलं. या वयात मुलांना वाटतं की हिच्यावर माया केली तर आपल्या आईला वाईट वाटेल, आणि हे त्यांना बोलता येत नाही. खूप दिवसांनी बाबाला विचारलंन, "आईचा फोटो काढून टाकणार का?" नाही काढणार, आणि मे महिन्यात आजोळीपण जायचं नेहमीसारखं, हे दोघांनी समोर बसवून सांगितलं. गणितं यायला लागली परत, हळूहळू.

एक गोष्ट मी अशा जोडप्यांना आवर्जून सांगते आणि ती कोणालाच ऐकायची नसते. १९५६च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक, म्हणजे कायदा आपोआप पालक मानतो ती, म्हणून जी आई धरलीय त्यात सावत्र आई येत नाही. आणि हिने स्वतः घेतलेल्या फ्लॅटचं मृत्युपत्र केलं नाही तर तो आधी नवरा आणि हिची स्वतःची मुलं यांना जाणार, म्हणजे या मुलीला काही ठेवायचं असेल तर लिहून ठेवायला हवं. तो म्हणाला लग्नाआधी मृत्युपत्राचं कसलं बोलता हो मॅडम, अशुभ! ही मात्र हिशोबातली, वहीच काढली.

लग्न झालं, रजिस्टर. फ्लॅट तिने भाड्याने दिलाय, हप्ता त्यातूनच जातो. कायद्याने आई व्हायचं तर रीतसर दत्तक घ्यावं लागेल, त्याचं तिने अजून ठरवलेलं नाही, म्हणते पोरीला आधी मोठी होऊ दे, तिलाच विचारू.